सर्वानुमते मंजूर

प्रति,
ग्रामसभेचे सर्व सभासद
(म्हणजे मतदार यादीत ज्यांचं ज्यांचं नाव आहे ते आपण सगळे)

विषय : येत्या १ मेच्या ग्रामसभेस समक्ष बसणेबाबत.

रामराम.

वरचा विषय वाचून हसू नका. चौतीस वर्षं ग्रामसेवक होतो, ते 'णेबाबत' हाताला चिकटलंय. आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. पाटी बदलली, दप्तर तेच आहे. स्वतःच्या गावात मला कधी नेमणूक मिळाली नाही. त्यामुळे अकरा गावांच्या ग्रामसभा लिहिल्या आणि आपल्या गावची एकही नाही. २०२० ला निवृत्त होऊन परत आलो. मग करोना, मग घराचं बांधकाम, मग गुडघा. खरं सांगायचं तर टाळत होतो. खानावळवाला आपल्या खानावळीत जेवत नाही, तसं.

गेल्या २६ जानेवारीला मात्र जाऊन बसलो. शाळेत झेंडा झाला, पोरांना गोळ्या वाटल्या, बहुतेक मंडळी तिथूनच घरी गेली. ग्रामपंचायतीसमोर सतरंजीवर आम्ही एकोणीस जण उरलो. त्यातले सात सदस्य, दोन कर्मचारी, एक अंगणवाडीताई. विषय वाचले गेले. एकानं पाइपलाइन कुठं फुटली ते सांगितलं, दुसऱ्यानं घरकुलाच्या यादीचं विचारलं, त्याला 'वरून आली नाही' असं उत्तर मिळालं. पंचवीस मिनिटांत सभा उठली.

संध्याकाळी शिपाई रजिस्टर घेऊन दारात. "नाना, तुमची सही राहिली."

"अरे, मी तर सभेलाच होतो."

"व्हय, पण तवा रजिस्टर कपाटात होतं ना."

पान उलटून पाहिलं. माझा अनुक्रमांक १०४. माझ्या वर माझ्या पुतण्याची सही होती, जो त्या दिवशी चाकणला कंपनीत सेकंड शिफ्टला होता. मी चष्मा लावला आणि सही केली.

रात्री झोप लागली नाही. सही केली म्हणून नव्हे. सह्या मी आयुष्यभर केल्या आणि करवल्या. झोप उडाली ती त्या १०४ मुळं. हा आकडा मी ओळखत होतो.

तो कुठून येतो ते सांगतो. १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यातला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं जमली की ग्रामसभेचा कोरम होतो. आपल्या गावात सोळाशेच्या वर मतदार, म्हणजे शंभर पुरेत. वर्षाला किमान चार सभा. मी १९८६ ला नोकरीला लागलो तेव्हा माझ्या आधीच्या भाऊसाहेबांनी चार्ज देताना शिकवलं होतं, "बरोब्बर शंभर कधी लिहू नको, तपासणीत शंका येते. एकशेचार, एकशेसात असं लिहीत जा." कोरम भरला नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागतच नाही. म्हणजे एकदा कुणी आलं नाही तर दुसऱ्यांदा कुणी आलं नाही तरी चालतं. मला तर वाटतं, हे कलम लिहिणाऱ्यानं आपली गावं चांगली पाहिलेली असावीत.

मग मी प्रोसिडिंग लिहायचो. 'सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला. सूचक अमुक, अनुमोदक तमुक.' सविस्तर चर्चा म्हणजे मी आणि सरपंचांचा पुतण्या, ओट्यावर, चहा गार होईपर्यंत. सही न येणाऱ्यांचे अंगठे लागायचे. एका गावच्या शिपायाचा डावा अंगठा किती म्हाताऱ्यांच्या नावापुढं उठला असेल, ते तो आणि मीच जाणतो. महिला ग्रामसभा नेहमीच्या सभेच्या आधी घ्यावी असा कायदा आहे. तिच्या सह्या मी पोषण आहार वाटपाच्या दिवशी अंगणवाडीत आलेल्या बायांच्या घेत असे. माझ्या चौतीस वर्षांच्या दप्तरात पुष्कळ ठराव आहेत. 'विरोध' या शब्दाची नोंद एकदाही नाही. अकरा गावं, आणि एकाही माणसाचं एकाही गोष्टीला 'नाही' नाही! तपासणीला आलेल्या एकाही साहेबाला याचं नवल वाटलं नाही.

बरीच वर्षं मी लोकांना नावं ठेवली. 'लोकांनाच नको आहे' हे आमच्या खात्याचं आवडतं वाक्य. पण ते खरं नाही हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलंय. २००८ नंतरची गोष्ट. एका गावात देशी दारूचं दुकान होतं. बायांनी सह्यांचा अर्ज दिला आणि बाटलीचं मतदान लागलं. दुकान हवं असेल तर उभी बाटली, नको असेल तर आडवी. निम्म्याहून जास्त बायांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. त्या दिवशी सकाळी सातला शाळेच्या गेटपासून वेशीपर्यंत लुगड्यांची रांग होती. एक बाळंतीण बाजल्यावरून उठून आली होती, तिच्या सासूनंच तिला आणलं होतं. खुरपणीला कुणी गेलं नाही, हजेरी बुडाली. माझ्या नोकरीत मी लिहिलेला तो एकमेव खरा आकडा.

मग ह्याच बाया महिला ग्रामसभेला का येत नव्हत्या? कारण तिथं त्यांचं काही ठरत नव्हतं. ठरतं तिथं माणूस येतो.

आता आपल्या गावाचं बघू. आपलं सगळ्यांचं मिळून ठरवावं असं काय उरलंय?

मी दहा वर्षांचा होतो तेव्हा बाहत्तरचा दुष्काळ पडला. आज साठीच्या पुढं असलेल्यांना सुकडी आठवेल, लाल मिलोच्या भाकरी आठवतील. माझी माय पाझर तलावाच्या कामावर होती. मुकादम मस्टर घेऊन नावं पुकारायचा आणि सगळं गाव एका रांगेत उभं राहायचं. पाटलाच्या घरचीही होती, मांगवाड्यातलीही होती. पाणी प्यायची भांडी मात्र तेव्हाही वेगळी होती, उगाच सोनेरी चित्र काढत नाही. वि. स. पागे यांनी मांडलेली ती रोजगार हमी त्या दुष्काळात राज्यभर पसरली, १९७७ ला तिचा कायदा झाला. आपला तलाव त्यातलाच. आज निम्मा गाळानं भरलाय आणि काठावर कुणाकुणाची वहिती सरकत आत गेलीय ते मी लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे.

त्या वेळी आपला आड आठ परस खोल होता. दोर, पोहरा, रहाट सगळ्यांचा. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की कुणी किती घागरी शेंदायच्या हे ठरायचं. भांडणंही व्हायची, घागरी फुटायच्या. पण आडात डोकावलं की साऱ्या गावाला एकच आकडा दिसायचा. नंतर हापसा आला. तो गल्लीचा झाला. मग बोअर आला. तो घराचा झाला. आज आपल्या घरात पाणी किती आहे ते शेजाऱ्याला कळत नाही, आणि कळू नये म्हणून मोटार रात्री चालू होते.

योजनांचंही तसंच झालं. मी नोकरीला लागलो तेव्हा योजना म्हणजे रस्ता, बंधारा, शाळाखोली. त्या कुठं व्हाव्यात यावरून भांडायला तरी माणसं यायची. आता किसान सन्मानचे पैसे खात्यात, लाडक्या बहिणीचे खात्यात, पीकविमा खात्यात. मधला दलाल गेला हे चांगलंच झालं. त्या दलालांतले काही मी जवळून पाहिलेत, त्यांच्यासाठी रडणार नाही. पण खात्याच्या मेसेजसाठी शेजाऱ्याची गरज लागत नाही. ज्याला त्याला आपलं आधार लिंक झालं की पुरे. पूर्वी आम्ही गावकरी लिहायचो, आता सगळ्या रकान्यांत लाभार्थी लिहितात.

सगळं वाटून झालं. राहिलं जमिनीखालचं पाणी. ते सातबाऱ्यावर येत नाही.

इथं माझी गोष्ट सांगतो, कारण दुसऱ्या कुणाची सांगितली तर मारामारी होईल.

मार्च २०१९. आदल्या वर्षी पाऊस कमी झालेला, मोसंबीची झाडं वाळायला लागलेली. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. मी बोअर घ्यायचं ठरवलं. पाणाडी आला, तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून फिरला, एका जागी नारळ उभा राहिला. मी ग्रॅज्युएट माणूस, आणि त्याला अकराशे रुपये आणि टोपी-टॉवेल दिला. गाडी रात्री नऊला आली. बोअरच्या गाडीचा आवाज ज्यानं शेतात उभं राहून ऐकलाय त्याला वेगळं सांगायला नको. पांढरा धुरळा उडतो आणि माणूस त्या धुरळ्याकडं देवाकडं बघावं तसा बघत राहतो. दीडशेला ओल लागली. एजंट म्हणाला थांबू नका. दोनशे झाले, तीनशे झाले, कोरडा फुफाटा. चारशे दहाला चिखल आला, परत कोरडं. प्रत्येक फुटाला पैसे, आणि जितके गेले तितकं थांबणं अवघड. जुगाराच्या पटावर बसलेल्याची जी गत, ती माझी. ६४० ला दोन इंची पाणी उसळलं तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. आम्ही नारळ फोडला, सगळ्यांचे कपडे चुन्यासारखे पांढरे. खर्च लाखाच्या वर गेला.

तिसऱ्या दिवशी चुलत वहिनी बांधावर आल्या. भांडायला आल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "भावजी, आमची मोटार हवा ओढायलीय, जरा येऊन बघता का?" त्यांचा बोअर तीनशे फुटांचा. मी गेलो, मोटार बघितल्यासारखं केलं, 'वायंडिंग गेलं असेल' म्हणालो. वायंडिंग गेलं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पुढच्या वर्षी त्यांनी कर्ज काढून सातशे फूट घेतला.

आणि आता खरी लाज. गावाला पाणी देणारी विहीर माझ्या बोअरपासून तीनशे मीटरही नाही. ती मेमध्ये आटली. मग तहसीलमधून आदेश निघाला आणि गावाच्या पिण्याच्या पाण्यासाठी माझाच बोअर अधिग्रहित झाला. रोजचं भाडं आमच्या खात्यावर जमा झालं. गावची विहीर आटवायला माझाही हात लागला आणि गावाला पाणी पाजल्याबद्दल सरकारनं मलाच पैसे दिले. त्या वर्षी पारावर लोक मला 'नानानं गाव तारलं' म्हणत होते. मी ऐकून घेत होतो.

हे करताना मला कायदा माहीत नव्हता असं म्हणायची सोय नाही. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर-बोअर घेऊ नये, हे १९९३ च्या कायद्यापासून आहे. २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून लागू झाला. त्यात शेतीसाठी साठ मीटरपेक्षा, म्हणजे दोनशे फुटांपेक्षा खोल बोअरला मनाई आहे. मी या कायद्याची परिपत्रकं माझ्या हातानं नोटीस बोर्डावर चिकटवली होती. आज आपल्या शिवारात दोनशे फुटांच्या आतला बोअर शोधून दाखवा. सगळं शिवार एका रेषेत बेकायदा आहे, आणि म्हणूनच कुणालाच बेकायदा वाटत नाही.

दोनशेचा आकडा कुणा बाबूनं हवेतून काढलेला नाही. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. वर कुजलेला मुरूम, मग कुठं मांजऱ्या (सच्छिद्र खडक), कुठं अखंड कातळ, त्यात भेगा. पाऊस मुरतो तो मुख्यतः वरच्या थरात. खाली भेगांत जे सापडतं ते सावकाश, लांबून झिरपत आलेलं. केसिंग आपण वरच्या काही फुटांपुरतंच टाकतो, त्यामुळं वरच्या थरातलं पाणीही त्याच भोकातून खाली गळतं. म्हणजे माझा बोअर फक्त ६४० फुटांवरचं पाणी पीत नाही. वहिनींचं तीनशेवरचंही पितो आणि गावच्या विहिरीचंही.

थोडा हिशोब मांडतो, हिशोबाची सवय आहे. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की दहा हजार लिटर होतात. आपलं शिवार नऊशे हेक्टर. बऱ्या वर्षी सातशे मिलिमीटर धरा. ६३० कोटी लिटर पाणी आपल्या गावावर पडतं. त्यातलं बरंच वाहून जातं, बरंच उन्हानं उडतं, मुरतं ते थोडं. आता पिण्याचं बघा. माणशी रोज ५५ लिटर हे सरकारी माप. आपण चोवीसशे माणसं. वर्षाचे झाले ४ कोटी ८२ लाख लिटर. आणि ऊस? मोकाट पाणी दिलं तर त्याला साधारण दोन हजार मिलिमीटर लागतं, म्हणजे हेक्टरी दोन कोटी लिटर. भागाकार करून बघा : सहा एकर ऊस जेवढं पितो तेवढ्यात आपलं सगळं गाव वर्षभर पितं. या वर्षी शिवारात दीडशे एकरांच्या वर ऊस उभा आहे.

ऊसवाल्यांनो, लगेच उठू नका. माझा तुमच्यावर राग नाही. सोयाबीनचा हमीभाव २०२४ ला ४,८९२ रुपये होता आणि आपण त्याच्या खाली विकलं, ते मीही विकलं. ऊस निदान उचलला जातो, पैसे उशिरा का होईना येतात. एका तरुणानं मला तोंडावर विचारलं, "नाना, ग्रामसभा माझ्या सोयाबीनला भाव देणार का?" नाही देणार. भाव दिल्ली-मुंबईत ठरतो, आपल्या पारावर ठरत नाही. पण तुझा बोअर कधी आटणार हे दिल्लीत ठरत नाही बाबा, ते तुझ्या शेजारच्या तिघांच्या मोटारींवर ठरतं, आणि ते तिघं तुझ्याच गल्लीत राहतात.

आपण मराठवाड्यातले लोक मागण्यात पटाईत. अनुशेष, म्हणजे विकासातली आपली राहिलेली बाकी, हा शब्द माझ्या पिढीनं ती बाकी मोजणाऱ्या दांडेकर समितीपासून तोंडपाठ केलाय. पैठणला नाथसागर भरला की नाही, वरून पाणी सोडलं की नाही, यावर चहाच्या टपरीवर तीन-तीन तास बोलतो. ते बोललंच पाहिजे, अन्याय झालाय तो झालाय. पण वरच्या धरणवाल्यांनी खालच्यांचा विचार करावा असं आपण म्हणतो, आणि ६४० फूटवाला तीनशे फूटवाल्याचा करत नाही.

२०१६ आठवा. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं. त्याआधी लातुरात पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. पाण्यासाठी माणसं जमू नयेत म्हणून सरकारला हुकूम काढावा लागतो, आणि पाण्याबद्दल बोलायला जमा म्हटलं तर शंभर जण भरत नाहीत.

२०२५ च्या सप्टेंबरात उलटं झालं. इतका पडला की मातीसकट पीक गेलं. पंचनाम्याच्या वेळी तलाठ्याभोवती जेवढी गर्दी होती तेवढी मी ग्रामसभेला कधी पाहिली नाही. आणि तेव्हापासून 'आता पाण्याचं काय काढलंय नाना, बोअर भरून वाहायलेत' असं ऐकतोय. भरलेत खरे. २०१६ च्या पावसाळ्यातही भरले होते. तीन वर्षांनी मी गाडी बोलावली.

काही जणांशी वेगळं बोलायचंय.

अभ्यासिकेतल्या पोरांनो, तुम्हाला कलम २४३ अ पाठ आहे. ग्रामसभा म्हणजे काय हे झोपेतून उठवलं तरी सांगाल, ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली हेही सांगाल. अभ्यासिका ते ग्रामपंचायत अंतर नव्वद पावलं आहे, मी मोजलंय. एकदा येऊन बघा, परीक्षेत विचारत नाहीत ते दिसेल.

ऊसतोडीला कोयत्यावर जाणाऱ्यांनो, तुमचा दोष काढायला माझी जीभ धजत नाही. दसऱ्याला उचल घेऊन तुम्ही जाता, मार्च-एप्रिलला परत येता. २६ जानेवारीच्या सभेच्या वेळी तुम्ही कुठल्या तरी फडात पहाटे तीनला मोळ्या बांधत असता, आणि इथं रजिस्टरवर तुमच्या सह्या होतात. म्हणून मी १ मे धरतोय. त्या दिवशी तुम्ही गावात असता.

बायांना काय सांगू? सरपंच ताई आहेत, निम्म्या जागा तुमच्या आहेत, आणि सभेत खुर्चीवर ताईंचे मालक बसतात. ताईंना मी हे त्यांच्या घरी जाऊन सांगितलंय, त्यांच्या मालकांसमोर सांगितलंय. चहा तरीही मिळाला. रात्री दोनला लाइट आली की ड्रम भरायला उठतं कोण, हे ज्याला माहीत आहे त्यानं सभेत बोलावं.

आणि आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल. मी तिथं १ मेच्या सभेचं टाकलं तर सेहेचाळीस अंगठे आले. अंगठ्यांचं मला नवल राहिलेलं नाही, आयुष्यभर तेच गोळा केले. पत्र लिहायला बसलो ते त्या अंगठ्यांमुळं.

मागणं एवढंच आहे. १ मेला झेंडा झाला की ऊन चढायच्या आत, आठ वाजता, मारुतीच्या पारावर बसू. सावली आहे. पत्रिकेवर नेहमीचे विषय राहतील, पण पहिला विषय गावातले बोअर. ज्याचा त्यानं आपला सांगायचा : किती फूट, कधी घेतला, किती तास चालतो, त्यावर काय पीक. वही मी आणतो. कुणावर केस करायची नाही. करायची ठरली तर पहिली माझ्यावर होईल, कारण कायदा सगळ्यात चांगला मलाच माहीत होता. अटल भूजल योजनेत जालना, लातूर, धाराशिवच्या कितीतरी गावांनी पाण्याचा ताळेबंद मांडला, भिंतीवर रंगवला. कडवंची तर आपल्यासारख्याच माळावरचं जालन्याचं गाव, पाणलोटाचं काम करून द्राक्षाच्या बागांवर गेलं. आपल्याला बागांचं नंतर बघता येईल. आधी शिवारात बोअर किती ते तरी कळू द्या. आज तो आकडा ग्रामपंचायतीकडं नाही, तलाठ्याकडं नाही, कुणाकडंच नाही.

त्यानंतर माझ्या मनात दोन ठराव आहेत. विहिरीच्या पाचशे मीटरात इथून पुढं एकही नवा बोअर नाही, आणि ऊस लावायचा तर ठिबकवरच. दोन्ही पडले तरी हरकत नाही. उठून विरोध करा, आवाज चढवा, माझ्या ६४० फुटांवरून मला सुनवा. मी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विनंती केलीय की प्रोसिडिंगमध्ये विरोध करणाऱ्याचं नाव, कारणासकट, जसंच्या तसं लिहा. ते म्हणाले, "भाऊसाहेब, तसा नमुना कुठं मिळेल?" खरंच नाही. मी त्यांना कोऱ्या कागदावर लिहून दिलाय.

आपला,
नाना
(मतदार यादी अनुक्रमांक विचारू नका, पुढच्या वेळी रजिस्टरवर मी स्वतः लिहीन)

ता. क. : वहिनींचं नाव पत्रात घातलेलं नाही, पण त्यांना वाचून दाखवलं. 'वायंडिंग' शब्दावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ते काढू नका, राहू द्या."

ता. क. २ : शिपायालाही सांगून ठेवलंय. १ मेच्या संध्याकाळी रजिस्टर घेऊन घरी आलास तर चहा मिळेल, सही मिळणार नाही.